पाच वाजायला पाच

शरणपुरात, चर्चच्या मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी रविवारच्या शाळेची मोडकी बाकं ठेवत,
तिथे मी बसते. बुधवार, शुक्रवार, तीन ते पाच.
दोन खुर्च्या, एक स्टूल, स्टुलावर टिश्यूचा डबा.
पहिला कागद मीच अर्धा वर ओढून ठेवते;
रडणाऱ्याला तो काढायची लाज वाटते.

ओबेद पारखे नाशिकरोडहून येतात,
द्वारकेला बस बदलून,
स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत.
अडतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात.
छापायला नव्हे, तपासायला.
"ताव समोर यायचा, मी चूक शोधायचो.
आकडा सरकलाय, शाई फुटलीय, रेघ तुटलीय.
चूक नाही सापडली तर वाटायचं,
आज नजर अधू झाली."

आता प्रार्थना होत नाही, म्हणतात.
रात्री उठतात, पलंगाला धरून
ऑपरेशनचे गुडघे टेकतात,
'हे पित्या' म्हणतात
आणि तेवढाच शब्द उजेडासमोर धरतात.
हा सूर माझ्या बापाचा. बाद.
हे वाक्य पाळकसाहेबांचं. बाद.
ही उपकारस्तुती नव्हे, हे नुसतं मागणं. बाद.
असं करत करत
छापखान्याचा भोंगा होईपर्यंत
कोऱ्या तोंडाने बसून राहतात.

मी विचारलं, आणखी कुणाला धरलंत असं
उजेडासमोर?

पंखा फिरत होता. डिसेंबर होता,
तरी पंखा आम्ही लावतोच,
आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"अशेरला," ते म्हणाले.
मुलगा. त्याचं अक्षर, त्याची नोकरी,
त्याने घरी आणलेली मुलगी.
अकरा वर्षं झाली.
फोन लागतो. वाजतो. वाजून थांबतो.
त्यांची हनुवटी हलायला लागली.

यावर माझ्याकडे शिकलेलं पुष्कळ होतं.
बापाचा चेहरा आणि देवाचा चेहरा
लहानपणी एकाच खिळ्याला टांगतो आपण,
असं काहीतरी मी म्हणणार होते.
पण भिंतीवर पाच वाजायला पाच.
मी हात जोडले. म्हटलं, प्रार्थना करू या.

प्रार्थना मला येते.
माझी आजी बायबलबाई, खेडोपाडी हिंडलेली;
तिची लय माझ्या जिभेला आहे.
जखम, तेल, पट्टी, कृपा,
सगळं जागच्या जागी.
आमेन.

पारख्यांनी डोळे मिटलेच नव्हते.
"छपाई चांगली आहे, बाई," ते म्हणाले,
"पण दर वेळी माणूस रडायला आला
की तुम्ही घड्याळ बघता
आणि देवाला बोलावता."

आधी राग आला. मग,
स्वेटर असून, थंडी वाजली.
एकटीने मी शेवटची प्रार्थना केली
सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यात, तीन वर्षांपूर्वी.
एकाच शब्दाची होती. 'नको.'
वरच्या मजल्यावर ते झालंच.
तेव्हापासून फक्त इथे, या खोलीत,
लोकांसाठी, पाच वाजायला पाच.

हे समुपदेशनाच्या नियमात बसत नाही,
तरी मी पंखा बंद केला
आणि त्यांना सांगितलं, मलाही होत नाही.

ते बघत राहिले माझ्याकडे.
ताव बघावा तसे आधी,
मग नजर कुठेतरी सैल झाली.
"अशेर," ते म्हणाले.
पुढे काही नाही. मागणं नाही, विशेषण नाही.
थोड्या वेळाने पुन्हा, "अशेर."
पहिला कागद त्या दिवशी मी काढला.

बाहेर चिंचेखाली कुणी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
सव्वापाच झाले. त्यांची बस गेली असणार.

किल्ल्या वाजवत मार्कस दारात आला,
आम्हा दोघांना नुसतं बसलेलं बघून
आवाज बारीक करून म्हणाला,
"अजून प्रार्थना चालू आहे का?"

"माहीत नाही," पारखे म्हणाले.
"जरा थांब."